टेटलीचा पेला

मराठी लेखकाने चहावर निबंध लिहिला तर वाचक त्यास रसिक म्हणतात; बिअरवर लिहिला तर त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात. यात वाचकांचा दोष नाही. आमच्या मध्यमवर्गीय घरांत मद्याची पहिली ओळख झाली ती गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने. सुधाकरासारखा बुद्धिमान वकील पहिला पेला ओठांस लावतो काय, आणि पाचव्या अंकापर्यंत त्याच्या संसाराची राखरांगोळी होते काय! आमच्या तीर्थरूपांनी तरुणपणी वाईस हे नाटक पाहिले होते व सिंधूच्या हालांनी डोळे पुसले होते. तेव्हापासून बाटलीत जे भरलेले असेल आणि जे औषध नसेल ते सारे त्यांच्या लेखी सुधाकराचे पेय होते. लग्नसमारंभातील रंगीत सरबताच्या बाटलीकडेदेखील ते क्षणभर संशयाने पाहत.

सरकारचेही मत फारसे निराळे नाही. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, तो अनेक ठिगळे लावून महाराष्ट्रात अद्याप चालू आहे, आणि त्याच्या अक्षरास धरून चालावयाचे तर पिणाऱ्यापाशी परवाना असावा लागतो. तो परवाना द्यावयाचा प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी! म्हणजे आमच्या राज्यात मद्यपी कोणीच नाही, सारे रुग्ण आहेत. अशा वातावरणात वाढलेल्या मनुष्याने इंग्रज व अमेरिकन बिअरची तुलना करावयास बसावे हे धाष्टर्याचे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. त्यातून आमचा अनुभव तो केवढा! १९९८-९९ मधील लीड्सचे एक वर्ष आणि २०२४ च्या उन्हाळ्यातील कॅलिफोर्नियाचे सहा आठवडे. परंतु अनुभव पुरेसा झाल्यावाचून मत देऊ नये हा दंडक आम्ही प्राध्यापकांनी कधीच पाळलेला नाही.

लीड्सला आम्ही गेलो ते संशोधनासाठी. पहिल्याच शुक्रवारी विभागातील सहकाऱ्यांनी आम्हांस ब्रिगेट रस्त्यालगतच्या एका अरुंद बोळात नेले. पुण्याच्या जुन्या पेठांत शोभेल असा तो बोळ. आत व्हाइटलॉक नावाचे पानगृह. १७१५ पासून तेथे पिणे चालू आहे, असे आम्हांस सांगण्यात आले. पितळी कठडे, जुने आरसे, आणि फळीमागे उभ्या लाकडी मुठी. त्या मुठीस ते लोक हातपंप म्हणतात. हा शब्द ऐकून आमच्या डोळ्यांसमोर उभी राहिली दुष्काळी गावातील घागरींची रांग. येथे मात्र बाईंनी मूठ तीनदा ओढली आणि तांबूस पिंगट रंगाचा पेला, वर सायीसारखा फेस, आमच्यापुढे ठेवला. ती टेटली बिटर. जोशुआ टेटली यांनी १८२२ साली त्याच शहरात हा धंदा सुरू केला होता.

पहिला घोट घेऊन आमची निराशा झाली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इतका सुधाकर, इतका तळीराम, इतके पाच अंक, आणि ते या बेताच्या कडवट, बेताच्या कोमट पाण्यासाठी? काढेचिराइताच्या मानाने तर हे अगदी सौम्य होते. शेजारचे वृद्ध सहकारी हसले आणि म्हणाले, दुसरा पेला संपेपर्यंत मत देऊ नका. त्यांचे म्हणणे खरे निघाले. दुसऱ्या पेल्याच्या मध्यावर कुठेतरी त्या कडवटपणाच्या मागे भाजलेल्या पोळीचा वास आहे, हे आमच्या ध्यानात आले.

हा वास कोठून येतो ते पुढे समजले, आणि ते समजल्यावर बिअरविषयीचे आमचे अर्धे भय गेले. नाचणीचे सत्त्व ज्यांच्या घरी केले जाते त्यांना निराळे सांगावयास नको. धान्य भिजत घालावे, मोड आणावेत, वाळवावे, किंचित भाजावे, दळावे. नाचणीऐवजी जव घेतला की हीच क्रिया बिअरची पहिली पायरी होते. मोड आल्याने धान्यातील पिष्टाची साखर करणारी द्रव्ये जागी होतात. पुढे गरम पाण्यात ती आपले काम करतात, आणि त्या गोड पाण्यास हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळी देऊन, निवल्यावर यीस्ट घालून आंबवतात. हॉप ही वनस्पतिशास्त्रदृष्ट्या भांगेच्याच कुळातली, तिची चुलत बहीण म्हणा. मात्र बहिणीचे गुण तिने घेतलेले नाहीत. ती देते केवळ कडवटपणा, सुगंध आणि टिकाऊपणा.

इंग्रज आपली बिअर गरम पितो, ही त्याच्यावर सर्व जगाने, विशेषतः अमेरिकेने, केलेली थट्टा आहे. ती खोटी आहे. पिंपातील बिअर तळघरात अकरा ते तेरा अंश सेल्सिअस उष्णमानावर ठेवतात. हे समजावयास अमेरिकन मनुष्यास कठीण जाईल, परंतु मराठी मनुष्यास सोपे आहे. शीतकपाटातील पाणी आणि माठातील पाणी यांत जो फरक, तोच येथे. शीतकपाटातील पाणी दात बधिर करते आणि तहान मारते. माठातील पाण्यास चव असते. आणखी एक गोष्ट अशी की पिंपातील ही बिअर जिवंत असते. पानगृहाच्या तळघरात पोहोचल्यावरही तिचे आंबणे थोडे चालूच राहते, आणि पिंप एकदा फोडले की तीनचार दिवसांत संपवावे लागते. फोडलेल्या नारळासारखे तिचे आहे. हा त्रास नको म्हणून मोठ्या कारखानदारांनी १९६० नंतर मृत, गाळलेली, वायू भरलेली बिअर देशभर पसरवली. तेव्हा चार मित्रांनी १९७१ साली तिच्याविरुद्ध संस्था काढली. चार गिऱ्हाइकांनी चळवळ करावी, हजारो सभासद मिळवावेत आणि एक मरू घातलेली कला वाचवावी, हे बिअरच्या बाबतीत घडू शकते. मराठी शाळांच्या बाबतीत का घडू नये असा प्रश्न मनात आला होता. पण तो विषय निराळा.

आता आमच्या पापाची गोष्ट. लीड्सहून आम्ही दर पंधरवड्यास तीर्थरूपांस पत्र लिहीत असू. एका पत्रात थंडीचे वर्णन करता करता लेखणी घसरली आणि आम्ही लिहून गेलो की, ‘शुक्रवारी सायंकाळी सहकाऱ्यांसमवेत टेटलीचा एक पेला घेतो, त्याने बरे वाटते.’ पत्र पेटीत टाकल्यावर आमचे धाबे दणाणले. पुढील तीन आठवडे आम्ही सुधाकराप्रमाणे काढले. तीर्थरूपांचे उत्तर आले. ते असे की, शेजारच्या डॉक्टरांस विचारता टेटली हा विलायतेतील नामांकित चहा असल्याचे समजले. थंडी आहे, तेव्हा चहा घेण्यास हरकत नाही, परंतु तुझी प्रकृती पित्ताची, सायंकाळनंतर एका पेल्याहून अधिक घेत जाऊ नकोस.

चहाचे टेटली घराणे निराळे, बिअरचे निराळे, दोन्ही यॉर्कशरचीच. दैवाने ही दोन नावे आमच्यासाठीच एकसारखी ठेवली असावीत असे त्या दिवशी वाटले. आम्ही उत्तरात लिहिले, ‘आपली आज्ञा शिरसावंद्य, एकाहून अधिक पेला घेत नाही.’ हे वाक्य अक्षरशः खोटे नव्हते. निदान बहुतेक शुक्रवारी नव्हते.

टेटली आमची पहिली; पण सर्वांत आवडती म्हणाल तर ती नव्हे. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकाने लीड्सला राहून हॉवर्थला न जाणे म्हणजे पंढरपुरास राहून देवळात न जाणे. तेव्हा मार्च महिन्यात एका शनिवारी आम्ही कीथली येथे गाडी बदलून वाफेच्या छोट्या गाडीने हॉवर्थला पोहोचलो. ब्राँटी भगिनींचे घर पाहिले, त्यांची ती चिमुकली हस्तलिखिते पाहिली, माळरानावर वाऱ्याचे तडाखे खाल्ले. उतारावरील ब्लॅक बुल हे पानगृह म्हणजे त्यांचा भाऊ ब्रॅनवेल याची बसावयाची जागा. चार भावंडांत हाच तेवढा मुलगा. घराने सारी आशा त्याच्यावर ठेवली, आणि तो मद्य व अफू यांच्या पायी ओस पडून १८४८ साली एकतिसाव्या वर्षी गेला. म्हणजे सुधाकर येथेही भेटला! त्या सावटाखाली आम्ही गावातल्या दुसऱ्याच एका पानगृहात शिरलो आणि जे समोर आले ते घेतले. ती टिमथी टेलर यांची लँडलॉर्ड होती.

या बिअरचे वर्णन करणे आमच्या शक्तीबाहेरचे आहे; पण प्रयत्न करतो. रंग जुन्या सोन्याचा. प्रथम नारंगीच्या सालीसारखा किंचित वास, मग मधाची भासमात्र गोडी, आणि गोडी आहे असे म्हणेपर्यंत ती नाहीशी होऊन मागे स्वच्छ कडवटपणा. मद्यार्क अवघा शेकडा सव्वाचार. १८५८ पासून हे घराणे कीथलीत बिअर करते आहे आणि पाणी स्वतःच्या झऱ्याचे वापरते. उत्तम लघुनिबंधासारखी ती आहे. काही सांगितले असे वाटत नाही, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचावेसे वाटते. त्या दिवसापासून आजतागायत आमचे मत बदललेले नाही.

नावडती इंग्रज बिअर कोणती, तर न्यूकॅसल ब्राउन. १९२७ साली निघालेली ही बाटलीतील तपकिरी बिअर तिच्या गावास प्राणप्रिय. आम्हांस मात्र ती काकवीत पाणी घातल्यासारखी लागली. तिची कहाणी तिच्या चवीहून पुष्कळ चांगली आहे. युरोपीय कायद्याने २००० साली तिला गावाच्या नावाचे संरक्षण मिळाले, की ही न्यूकॅसललाच व्हावी. पुढे २००५ मध्ये कारखाना टाइन नदी ओलांडून पलीकडच्या गेट्सहेडला गेला, आणि आपणच मागून घेतलेले संरक्षण रद्द करा असे मालकांस म्हणावे लागले. त्यानंतर ती यॉर्कशरमध्ये गेली आणि पुढे समुद्र ओलांडून हॉलंडात. नाव तेवढे न्यूकॅसलचे राहिले. स्थलांतरित मनुष्यांचे असेच होते म्हणून आम्ही तिला फारसे बोलत नाही.

आमच्या चिरंजीवांचे स्थलांतर २०२२ साली झाले. ते सॅक्रामेंटो येथे नोकरीस आहेत. २०२४ च्या जून महिन्यात आम्ही उभयता तेथे गेलो. पहिल्याच रात्री जेवणापूर्वी चिरंजीवांनी शीतकपाट उघडून विचारले, “बाबा, काय घेणार?” प्रश्न साधा होता, पण आम्ही गडबडलो. आयुष्यात आम्ही वडिलांसमोर प्यालो नव्हतो. आता मुलासमोर प्यावयाचे होते. मधल्या मध्ये आम्हांस जागाच नव्हती. सौभाग्यवती भाजी चिरता चिरता म्हणाल्या, “घ्या की. लीड्सला काय काढा घेत होता?”

पहिली परीक्षा बडवायझरची. ती आमच्याच आग्रहाने झाली, कारण अमेरिकेत येऊन तिला टाळणे शिष्टाचारास धरून नव्हते. सेंट लुइस येथील अनहायझर-बुश यांनी १८७६ साली ती काढली, आणि तिच्यात जवाबरोबर तांदूळ असतो. भाताच्या मुलखातील मनुष्यास याचे कौतुक वाटावे, पण भाताचा गुण असा की तो दुसऱ्याची चव घेतो, स्वतःची देत नाही. आणि येथे घ्यावयास दुसरी चवच नाही. अतिशय गार असली की ती थंड लागते, यापलीकडे आम्हांस काही आढळले नाही. तथापि अन्याय होऊ नये. चवीचा पडदा नसलेल्या बिअरमध्ये लहानसा दोषही लपत नाही; ती अनेक कारखान्यांत, वर्षानुवर्षे, तंतोतंत एकसारखी करणे हे अचाट कौशल्य आहे असे जाणते सांगतात. पाठ केलेल्या उत्तराला आम्ही जे गुण देतो ते तिला द्यावेत.

अमेरिकेची बिअर अशी सपाट का झाली याचे एक कारण तेथील दारूबंदीत आहे. १९२० ते १९३३ या तेरा वर्षांत शेकडो लहान कारखाने बुडाले. ज्यांना यीस्ट, जवाचा पाक असे काहीबाही विकून तग धरता आला असे मोठे उरले. पुढे मोठ्यांनी लहानांस गिळले, आणि १९७० नंतरच्या दशकात त्या अवाढव्य देशात शंभराच्या आत मालक राहिले. मग पालटही तितकाच मोठा झाला. घरी बिअर करण्यास मुभा देणाऱ्या कायद्यावर १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली, आणि गॅरेजांतून, माजघरांतून नवे लोक बाहेर पडले. आज त्या देशात नऊ हजारांहून अधिक बिअरचे कारखाने आहेत.

त्या नव्यांतील अग्रणी पाहावयास चिरंजीव आम्हांस चिको गावी घेऊन गेले. दीड तासाचा रस्ता, दोहों बाजूंस बदामाच्या बागा, आणि विदर्भाची आठवण करून देणारे ऊन. केन ग्रॉसमन या तरुणाने १९८० साली दुग्धालयातील टाकाऊ भांडी जोडून तेथे सिएरा नेवाडा हा कारखाना उभारला. त्याच्या पेल एलमध्ये कॅस्केड नावाचा अमेरिकन हॉप सढळ हाताने घातलेला असतो; त्याचा वास पपनसाच्या सालीचा. पहिल्या घोटास आम्ही दचकलो. इंग्रज बिअर तुम्हांस जवळ बसवून हळू आवाजात बोलते. ही दारातूनच हाक मारते. पण हाक मनापासूनची आहे. बडवायझरने बिघडलेले आमचे मत चिकोने सुधारले, आणि अमेरिकन बिअरमध्ये आमची आवडती हीच असे आम्ही तेथल्या तेथे जाहीर केले. एकच तक्रार राहिली, ती मापाची. इंग्रजांचा पाइंट ५६८ मिलिलिटरचा, अमेरिकेचा ४७३ चा. सर्वच गोष्टी मोठ्या करणाऱ्या देशाने ही एकच लहान का ठेवावी?

सॅन फ्रान्सिस्कोस अँकर स्टीम प्यावयाची आमची जुनी इच्छा होती. १९६५ साली बुडत असलेला तो जुना कारखाना फ्रिट्झ मेटॅग यांनी विकत घेऊन तारला, म्हणून नव्या लाटेचे तेच आद्य पुरुष. पण २०२३ मध्ये कारखाना बंद पडला होता. दह्याच्या व्यवसायातील एका धनिकाने तो नुकताच घेतला असल्याचे वर्तमानपत्रांत होते. आम्हांस दर्शन झाले ते बंद फाटकाचे. ज्या बिअरविषयी सर्वांत अधिक वाचले ती प्यावयास मिळाली नाही, आणि म्हणून आमच्या यादीत तिला स्थान नाही.

चिरंजीवांची आवड निराळी. त्यांच्या पिढीची बिअर म्हणजे ती गढूळ आय. पी. ए.; दिसावयास उसाच्या रसासारखी, वासास आंब्या-अननसाची, मद्यार्क शेकडा सात-आठ. आम्ही स्पष्ट सांगितले की बडवायझरमध्ये निदान विनय आहे, हिच्यात तोही नाही. तेव्हा अमेरिकेतील आमची नावडती ती हीच. चिरंजीव म्हणाले, “पण बाबा, नाव बघा. इंडिया पेल एल. ही तर आपली!”

प्रसंग प्राध्यापकाच्या हाती आयता आला होता, आणि आम्ही तो सोडला नाही. लंडनच्या पूर्वेस बो येथे हॉजसन यांचा कारखाना होता. कंपनीच्या जहाजांचे धक्के तेथून जवळ. त्यामुळे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांची पिंपे मुंबई-कलकत्त्यास येऊ लागली. १८२० नंतर बर्टन गावच्या कारखानदारांनी तो व्यापार काबीज केला, कारण बर्टनच्या पाण्यात जिप्सम असल्याने हॉपचा कडवटपणा तेथे विशेष खुलतो. त्याच गावच्या बास कंपनीचा लाल त्रिकोण हे १८७६ साली ब्रिटनमध्ये नोंदलेले पहिले व्यापारचिन्ह. या सर्वांत हिंदुस्थानचा संबंध एवढाच की प्यावयास गोरे येथे होते. देवळालीच्या छावणीत बोटीची वाट पाहत त्यांतील काहींची डोकी फिरत. त्यावरून ‘डुलॅली टॅप’ हा इंग्रजी शब्दप्रयोग निघाला. त्यातील डुलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप! पुण्यात २००९ साली जो पहिला छोटा बिअर कारखाना निघाला त्याने हेच नाव घेतले, हा देवळालीने उगवलेला सूड म्हणावयाचा.

चिरंजीव हसले, आणि त्या हसण्याच्या भरात आम्ही त्यांना टेटलीची गोष्ट सांगितली. आजवर कोणास सांगितली नव्हती. पुढचा भागही सांगितला. २००० साली टाटांनी टेटली चहाची कंपनी विकत घेतली, तेव्हा तीर्थरूपांनी वाईहून मुद्दाम दूरध्वनी केला होता. “तुझी टेटली आता आपली झाली,” असे ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद अजून आठवतो. पुढे आम्ही वाईस गेलो की ते कपाटातून टेटलीच्या पुरचुंड्यांचे खोके काढीत, स्वतः चहा करीत आणि समोर बसून विचारीत, “लीड्सला लागत असे तशीच लागते का?” आम्ही प्रत्येक वेळी म्हणत असू, “अगदी तशीच.” २०११ मध्ये लीड्सचा तो बिअरचा कारखाना बंद पडल्याचे आम्ही वाचले, ते त्यांना सांगण्यासारखे नव्हते. २०१४ साली ते गेले. खोक्यात चार पुरचुंड्या उरल्या होत्या.

चिरंजीव बराच वेळ पेल्याकडे पाहत होते. मग म्हणाले, “टेटली म्हणजे चहा, हे आजोबांना सांगितलं कोणी?”

“शेजारच्या डॉक्टरांनी.”

“ते विलायतेत होते का कधी?”

होते. सहा वर्षे होते, ब्रॅडफर्डच्या रुग्णालयात. ब्रॅडफर्ड लीड्सपासून जेमतेम पंधरा किलोमीटर. ज्या मुलखात रस्त्यारस्त्याच्या कोपऱ्यावर टेटलीची पाटी होती, तेथे सहा वर्षे काढलेला मनुष्य. आणि आमच्या पत्रात तर ‘शुक्रवारी सायंकाळी’ असे स्पष्ट लिहिलेले होते.

सौभाग्यवतींनी जेवावयास बोलावले तरी आम्ही तेथेच बसून होतो. शेवटी चिरंजीवांनी आपल्या गढूळ बिअरचा डबा उचलून उरलेली आमच्या पेल्यात ओतली, आणि या खेपेस आम्ही ती नाकारली नाही.